मुलांचा डान्स क्लास काढताय? आधी घडी बसवा

हॉल ठरला, आरसे लागले, स्पीकर आला, बाहेर 'प्रवेश सुरू' असा फलक लागला. बेळगावात टिळकवाडी-शहापूरकडे असो की खानापूर, निपाणी, चिकोडीत, इथवरची कामं सगळेच करतात. या वीस-पंचवीस पोरांनी एकमेकांशी आणि तुमच्याशी वागायचं कसं, हे मात्र आपोआप ठरेल म्हणून सोडून दिलं जातं. ते आपोआप ठरतंही, फक्त तुम्हाला हवं तसं नाही. सगळ्यात धीट मुलगी कायमची पुढे उभी राहते, दारात जास्त वेळ थांबणारी आई नियम सांगायला लागते, आणि सहा महिन्यांत लाजरी पोरं एकेक करून गळतात. 'वेळ जमत नाही' एवढंच कळवतात.

भरतनाट्यम, कथ्थक, लोकनृत्य, फिल्मी किंवा हिप-हॉप, काहीही शिकवत असाल तरी खालचं सगळं लागू पडतं.

प्रवेश घेण्याआधी

गट वयावरून पाडा. ५ ते ७, ८ ते १०, ११ ते १३ आणि त्यापुढचे. सगळ्यात लहान गटाला ४० मिनिटं भरपूर होतात, मधल्यांना एक तास, मोठ्यांना सव्वा तास. लहान गटात एका शिक्षकामागे १२ मुलं आणि जोडीला एक मोठं माणूस हवं. पाच वर्षांखालच्या पोराला घेऊ नका. त्याला ओळीत उभं करण्यातच तुमचा तास जातो आणि बाकीची मुलं चुळबुळ करायला लागतात.

'दोघी बहिणी एकाच रिक्षाने येतात, एकाच बॅचमध्ये घ्या' ही विनंती हमखास येते. सहा वर्षांची धाकटी आणि बारा वर्षांची थोरली एका ओळीत उभ्या राहिल्या की धाकटी तासभर मागे पडते आणि थोरलीचा कंटाळा तिच्यावर निघतो. बॅचेस पाठोपाठ ठेवा आणि थांबणारीला बसायला जागा द्या, गृहपाठ होऊन जातो.

वेळ ठरवताना घड्याळाआधी बसचं वेळापत्रक बघा. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या मुली-बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकिटाला पैसे लागत नाहीत, त्यामुळे गावाकडून येणाऱ्या मुली वाढल्या, आणि संध्याकाळच्या बसमधली गर्दीही. क्लास साडेसातला सुटणार आणि गावची बस सव्वासातची, असं असेल तर ती मुलगी रोज शेवटची पंधरा मिनिटं बुडवेल आणि त्याआधी बॅग काखेत मारून नाचेल. तिला ओरडण्यात अर्थ नाही, वेळ तुमची चुकली. सीमाभागातलं वातावरण तापलं की महाराष्ट्रातल्या चंदगडकडून येणारी बस बंद पडते. अशा दिवशीचा बुडालेला क्लास कधी भरून काढणार हे प्रवेशाच्या कागदावरच लिहा. १ नोव्हेंबरला सरळ सुट्टी द्या. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस, रस्ते भरलेले. त्या दिवशी कोण आलं, कोण नाही यावरून पोरांत चर्चा नको.

जमीन

शहाबादी किंवा टाइल्सची फरशी थेट काँक्रीटवर असते. तिच्यावर रोज तट्टडवू (भरतनाट्यममधल्या पाय आपटायच्या पहिल्या स्टेप्स) आपटले किंवा उड्या मारल्या की नडगी आणि टाचा धरतात. जमत असेल तर १२ मिमी प्लायवुडचे दोन थर, खाली दाट फोमचे तुकडे, वर व्हिनाइल. दोन्ही थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. खानापूरकडच्या पावसात ओल चढते म्हणून सगळ्यात खाली जाड प्लॅस्टिक अंथरा. भाड्याच्या हॉलमध्ये स्क्रूने जोडलेले सुटे भाग करा, म्हणजे मालक कुरकुरणार नाही. एवढं परवडत नसेल तर उड्या मोजून घ्या आणि लहानांना पहिलं वर्ष घुंगरू देऊ नका. जोडाजोडाचे रबरी मॅट स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर पाय रुततो आणि चक्कर घेताना गुडघा मुरगळतो.

एका तासाची मांडणी

पहिली दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच नवा शिक्षक फोनवर किंवा फी घेण्यात घालवतो. पोरं येतात तेव्हा तुम्ही दारात उभे असा. प्रत्येकाला नावाने हाक मारा. तिसऱ्या आठवड्यातही 'ए निळा ड्रेस' म्हणत असाल तर त्या पोराने क्लास अर्धा सोडलेलाच समजा.

मग नमस्कार. भूमिप्रणाम करत असाल तर त्याचा अर्थ एकदा सांगा: जिच्यावर पाय आपटणार त्या जमिनीची आधी क्षमा मागायची. वर्गात मुस्लिम, ख्रिश्चन, जैन, लिंगायत अशी सगळीच पोरं असतात. कुणी नुसतं हात जोडून किंवा शांत उभं राहिलं तरी पुरे, त्यावर शेरा मारायचा नाही आणि दुसऱ्या पोराला मारू द्यायचा नाही.

पुढची आठ-दहा मिनिटं अंग गरम करायला: जागच्या जागी चालणं, खांदे, घोटे, हलक्या उड्या. ताण देऊन धरून ठेवायचे व्यायाम इथे नको, ते शेवटी. नंतर जुनं दहा मिनिटं, नवं वीस मिनिटं. नव्यात एका दिवशी एकच गोष्ट. मध्ये दोनदा पाणी, शिक्षा म्हणून पाणी कधीच बंद करायचं नाही. शेवटची पाच मिनिटं अंग सैल करणं, आणि जाताना आज कुणाला काय जमलं ते एका वाक्यात. 'छान केलं' म्हणू नका, त्यातून पोराला काहीच कळत नाही. 'आज तुझी टाच तालावर पडली' म्हणा.

पुढची ओळ

नव्या क्लासमधली निम्मी भांडणं इथून उगवतात. उपाय सोपा आहे: ओळी दर क्लासला बदला. मागची ओळ पुढे, पुढची मागे. भिंतीवर तारखेप्रमाणे कागद लावून ठेवा, म्हणजे पोरंच एकमेकांना सांगतात, 'आज आमची पाळी.' आरशासमोर कायम तीच चार पोरं असली की बाकीची त्यांची पाठ बघून नाचायला शिकतात आणि स्टेजवर एकटी उभी केली की गोठतात.

कार्यक्रमात मात्र कुणीतरी मध्ये उभं राहणारच. कसं निवडलं ते आधी सांगा: हजेरी, पाठांतर, ताल. उंचीमुळे कुणी मागे जात असेल तर तेही तोंडावर सांगा. ज्याच्या वडिलांनी पडद्याचा खर्च दिला त्याची मुलगी मध्ये उभी केलीत, तर ते पोरांना तुमच्याआधी कळलेलं असतं.

चूक दाखवणं

समजा आठ वर्षांची मुलगी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं बसताना, गुडघे आत पाडते. नवा शिक्षक करतो ते असं: तिच्याजवळ जाऊन दोन्ही गुडघे हाताने मागे ढकलतो, तिचा तोल जातो, मागून कुणीतरी फिदीफिदी हसतं. पुढच्या वेळी ती बसतच नाही, नुसती वाकते.

असं करा. आधी सगळ्या वर्गाला एकच सूचना: 'गुडघे पायाच्या बोटांकडे बघतायत का, बघा.' निम्म्यांचं तिथेच सुधारतं. तिचं नाही सुधारलं तर शेजारी उभं राहून स्वतः तसंच चुकीचं बसून दाखवा, मग बरोबर. तरीही नाही, तर पंजे थोडे कमी उघडायला सांगा, कारण बहुतेक वेळा पोर ते झेपतात त्यापेक्षा जास्त उघडतं आणि गुडघा पिळतो. मांडीच्या सांध्यातून जेवढं उघडतं तेवढंच खरं. एवढ्यानंतरही हात लावायची गरज पडली तर विचारा: 'खांद्याला हात लावू का?' नाही म्हणाली तर नाही, कारण विचारायचं नाही. हात लावायचा तो खांदा, कोपर, मनगट, पाठीचा वरचा भाग इथेच, आणि सगळ्यांसमोर.

तट्टकळी, म्हणजे ताल द्यायची काठी, लाकडावर वाजवायची, पोराच्या पोटरीवर टेकवायची नाही. हळूच टेकवली तरी ती काठीच. आणि तालमीत कुणी कुणाच्या चुकीला हसलं तर गाणं बंद करा, पण भाषण देऊ नका. हसणाऱ्याला 'हे तू करून दाखव' असंही म्हणू नका, त्यातून दोन पोरांची शर्यत लागते. 'पुन्हा पहिल्यापासून, सगळे' एवढं पुरतं.

वजन, रंग, मुलगे

'जरा कमी खा', 'उड्या मारताना जमीन हालतेय', 'हिला मागे ठेवा, झाकून जाईल' ही वाक्यं क्लासमध्ये बंद, गमतीतही बंद. पोशाखाची मापं बाईने घ्यावीत, आईसमोर, एकेकीला बाजूला बोलावून. आकडा मोठ्याने वाचायचा नाही, गुपचूप वहीत लिहायचा. मेकअपवाल्याला आधीच सांगा की ज्याच्या त्याच्या रंगाचा बेस लावायचा. सावळ्या पोरीच्या तोंडावर पांढरा थर चढवून मान मात्र तिच्याच रंगाची राहिली की फोटोत ते आयुष्यभर दिसतं.

मुलगा एकटाच असेल तर त्याला 'आमचा हिरो' करून वेगळं पाडू नका. शाळेत आधीच 'पोरीगत नाचतोस' ऐकून आलेला असतो. दोन मुलगे मिळवता आले तर उत्तम, नाहीतर त्याला नुसता कृष्ण नाही तर सगळ्यांबरोबरचं सगळं शिकवा.

दुखणं लपवू देऊ नका

दहा ते पंधरा वर्षांच्या वयात हाडं भराभर वाढतात, स्नायू मागे राहतात. मुलींचं हे आधी होतं, मुलांचं दोनेक वर्षांनी. त्या काळात काल जमणारी गोष्ट आज जमत नाही, अंग आखडतं, तोल जातो. पोरं याला 'मी बिघडले' समजतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. गुडघ्याच्या वाटीखालचं हाड किंवा टाचेचा मागचा भाग दाबल्यावर दुखत असेल तर उड्या बंद आणि डॉक्टर. स्प्लिटमध्ये बसलेल्या पोराच्या खांद्यावर दाब देणं हा नृत्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात मूर्ख उपाय आहे. स्नायू फाटला की महिने जातात.

दुखतंय म्हणणाऱ्याची हजेरी कापू नका. बाजूला खुर्चीत बसून हातमुद्रा आणि बोल करू द्या. तसं केलं नाही तर पोरं दुखणं लपवतात आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात लंगडत येतात. मुरगळलं तर बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, पाय उंच, मालिश नाही. त्याच संध्याकाळी घरी फोन, 'थोडं लागलंय' असा निरोप पोराच्या हाती नको.

भाषा

इथल्या वर्गात एक पोर मराठी शाळेचं, दुसरं कन्नड, तिसरं इंग्रजी, चौथं घरी उर्दू किंवा कोकणी बोलणारं असतं. शिक्षक ज्या भाषेत विनोद करतो ती क्लासची भाषा होते, आणि ज्यांना तो कळत नाही ती पोरं कडेला सरकतात. म्हणून सूचना दोन भाषांत द्या. दहा-बारा कन्नड शब्द पाठ केले तरी काम भागतं: साकु म्हणजे पुरे, नीरु म्हणजे पाणी, 'एल्ली नोवु?' म्हणजे कुठे दुखतंय. कन्नड शिक्षकाने तसेच मराठी शब्द शिकावेत. मोजणीपेक्षा बोलांवर शिकवा. 'तै या तै' किंवा 'ता थै थै तत्' कुणाच्याच घरची भाषा नाही, म्हणून ती सगळ्यांची होते.

जोड्या लावताना शाळा मोडून लावा, नाहीतर एकाच शाळेची पोरं गठ्ठ्याने उभी राहतात. नियमांचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत हवा, एका पानाचा, दहाच्या वर नियम नकोत. भाषेवरून किंवा जातीवरून कुणी टोमणा मारला तर त्या पोराला बाजूला घेऊन बोला, आणि त्याच दिवशी घरीही कळवा. तो टोमणा बहुधा घरातूनच आलेला असतो, हे ध्यानात ठेवून बोला.

खाऊचंही बघा. निपाणी-चिकोडी भागात जैन घरं पुष्कळ, काही पोरं सूर्यास्तानंतर खात नाहीत. सात वाजता वाढदिवसाचे बटाटेवडे वाटले की ती तोंडाकडे बघत बसतात. चिरमुरे-शेंगदाणे किंवा केळी, आणि तीही क्लासच्या सुरुवातीला. रमजानमध्ये मोठ्या पोरांचे रोजे असतात, त्या महिन्यात त्यांच्या उड्या कमी करा, तेही न बोलता.

पालक

रोज क्लासमध्ये बसायला परवानगी देऊ नका, पण दार पूर्ण बंदही करू नका. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शेवटची वीस मिनिटं सगळ्यांनी बघावं. एरवी खिडकीतून 'हात वर घे गं!' अशी सूचना आली तर बाहेर येऊन, हसून, पण स्पष्ट सांगा: 'वहिनी, तिला एका वेळी एकच शिक्षक झेपतो. शनिवारी या, मग बोलू.' पोरासमोर आईला कमीपणा आला की तो राग घरी पोरावर निघतो.

फी दहा तारखेपर्यंत. थकली तर फोन वडिलांना किंवा आईला, पोराला कधीच विचारायचं नाही. पोशाख, मेकअप, ने-आण यांचा खर्च कार्यक्रमाच्या सहा आठवडे आधी लेखी द्या, आणि भाड्याचा पोशाख हा पर्याय कायम ठेवा. ऐन वेळी 'आणखी पाचशे आणा' झालं की जिच्या घरी नाहीत ती मुलगी ताप आल्याचं सांगते.

व्हॉट्सअॅप ग्रुप पालकांचा, पोरांचा नाही. त्यात फक्त अॅडमिनने लिहायचं. मुलांना वैयक्तिक मेसेज पाठवायचा नाही, रात्री तर नाहीच.

सुरक्षितता: इथे भीड नको

हॉलमध्ये कायम दोन मोठी माणसं. एक आली नाही तर दार उघडं, खिडक्या उघड्या. एकट्या पोराला 'जास्तीची तालीम' द्यायची तर पालक आत बसलेले हवेत. पंधरा-सोळा वर्षांची थोरली विद्यार्थिनी मदतीला चांगली, पण तिच्या भरवशावर वर्ग सोडून जायचं नाही, ती स्वतः अजून मूल आहे. पगारी माणूस ठेवताना पोलीस व्हेरिफिकेशन मागा, ओळखीचा असला तरी.

न्यायला कोण येणार याची यादी प्रवेशाच्या कागदावर. रिक्षावाले मामा बदलले तर आधी पालकांचा फोन हवा. 'बाबांनी पाठवलंय' एवढ्यावर पोर कुणाच्या हाती द्यायचं नाही. शेवटचं पोर जाईपर्यंत तुम्ही कुलूप लावत नाही.

कपडे बदलायच्या खोलीत मोबाईल नाही, शिक्षकाचाही नाही. रील टाकायची तर पालकांची लेखी परवानगी, आणि त्यात पोराचं पूर्ण नाव, शाळा, क्लासची वेळ नको.

२०१२ च्या पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याने १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्था चालवणाऱ्याने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबला तर एक वर्षापर्यंत. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, नंबर आरशाशेजारी पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. पोर काही सांगू लागलं तर ऐका, खोदून विचारू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, आणि त्याचेच शब्द लिहून ठेवा. घरी बोलावून 'दोन्ही बाजू' ऐकायच्या भानगडीत पडायचं नाही, ते तुमचं काम नाही. तुमच्याविषयीच तक्रार असेल तर पोराने कुणाला सांगायचं, त्या बाईचं नाव आणि फोनही कागदावर हवा. ती तुमची नातेवाईक नको.

स्टेज

गणपतीत आणि शिवजयंतीच्या चित्ररथाला मंडळांची बोलावणी येतात. हो म्हणण्याआधी वेळ लिहून घ्या. लहान गटाचा नाच साडेआठच्या आत, नाहीतर नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला एरवी बंदीच असते, पण भाषणं लांबली की पोरं तोवर पोशाखात पेंगत बसतात. आधी स्वतः अनवाणी स्टेजवर चालून बघा: फळ्यांमधल्या फटी, सतरंजीखालचे खिळे, कडेच्या वायरी. कपडे बदलायला आडोसा आणि मुलींना संडास कुठे, हे विचारताना लाजू नका.

गाणी वयाला शोभणारी. सात वर्षांच्या पोरीने कंबर कशी हलवावी यावर टाळ्या मिळतात म्हणून ते बसवायचं नाही. स्पर्धा वर्षाला दोन पुरे. हरल्यावर गाडीत परीक्षकांना शिव्या घालू नका, पोरं तेच पाठ करतात. परीक्षा द्यायच्या असतील तर मिरजेकडे मोठं काम असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिकपासून पुढे. पण प्रारंभिकला बसवायची घाई नको, पोराला लय न मोजता धरता आली की मग.

सोडून जाणारे

नववी संपली की 'आता दहावी' म्हणून मुली थांबतात. रागावू नका, आणि 'एवढी वर्षं वाया घालवलीस' तर अजिबात म्हणू नका. आठवड्यातून एकदा पाऊण तासाची, कार्यक्रम नसलेली बॅच ठेवा, निम्मी फी. एसएसएलसी (इथली दहावीची परीक्षा) संपली की त्यातल्या बऱ्याच परत येतात. जी येणारच नाही तिला शेवटच्या दिवशी वर्गासमोर नमस्कार करू द्या. तिचे घुंगरू तिचे तिला द्या, हिशेब पूर्ण करा, आणि ग्रुपमधून आईचं नाव काढायच्या आधी आईला फोन करा.